जॉर्ज सिडनहॅम क्लार्क

जॉर्ज सिडनहॅम क्लार्क, सिडनहॅम ऑफ कूमचे पहिले बॅरन (४ जुलै १८४८ – ७ फेब्रुवारी १९३३) हे ब्रिटिश लष्करी अभियंता, संरक्षणविषयक लेखक व प्रशासक होते. तटबंदीशास्त्र व साम्राज्याचे संरक्षण या विषयांवरील लेखनामुळे ते प्रथम प्रसिद्धीस आले. ब्रिटनच्या साम्राज्य संरक्षण समितीचे ते पहिले स्थायी सचिव (१९०४–१९०७) होते. त्यापूर्वी त्यांनी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे गव्हर्नरपद (१९०१–१९०३) आणि त्यानंतर मुंबई इलाख्याचे गव्हर्नरपद (१९०७–१९१३) सांभाळले. महाराष्ट्रात त्यांचे नाव मुख्यतः दोन कारणांनी घेतले जाते. लोकमान्य टिळकांवर १९०८ साली भरलेला राजद्रोहाचा खटला त्यांच्या कारकिर्दीत चालला आणि मुंबईतील सिडनहॅम महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

क्लार्क यांचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील स्विंडरबी या गावी झाला. त्यांचे वडील वॉल्टर जॉन क्लार्क हे धर्मोपदेशक होते. शालेय शिक्षणानंतर त्यांनी वुलिच येथील रॉयल मिलिटरी अकॅडमीत प्रवेश घेतला. तोफखाना व अभियंता दलातील अधिकाऱ्यांचे शिक्षण त्या काळी याच संस्थेत होत असे. इ.स. १८६८मध्ये त्यांची रॉयल इंजिनिअर्स या अभियंता दलात नेमणूक झाली.

इ.स. १८७१मध्ये त्यांचा विवाह कॅरोलाइन एमिली फेलोज यांच्याशी झाला. त्याच वर्षी कूपर्स हिल येथे नव्याने स्थापन झालेल्या रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. भारतातील सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी अभियंते तयार करणे हा या महाविद्यालयाचा उद्देश होता. तेथे क्लार्क १८८०पर्यंत भूमिती व अभियांत्रिकी रेखांकन शिकवीत होते आणि या विषयांवर त्यांनी पाठ्यपुस्तकेही लिहिली. भारतात येऊन धरणे, पूल व रस्ते बांधणारे अनेक अभियंते या काळात त्यांचे विद्यार्थी होते. स्वतः क्लार्क मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी, गव्हर्नर म्हणूनच, भारतात कामासाठी आले.

तटबंदीचा अभ्यास

क्लार्क यांच्या तरुणपणी किल्लेबंदीचे शास्त्र संक्रमणावस्थेत होते. फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने पंतप्रधान पामरस्टन यांच्या काळात पोर्ट्समथ, प्लिमथ इत्यादी बंदरांभोवती दगडी किल्ल्यांची मालिका उभारण्यात आली होती. त्यांवर प्रचंड खर्च झाला. परंतु आटे पाडलेल्या नळीच्या तोफांचा पल्ला व मारकशक्ती इतक्या वेगाने वाढत होती की, किल्ला बांधून पूर्ण होईपर्यंत त्याची रचना जुनी ठरत असे. यावर उपाय म्हणून युरोपातील अनेक अभियंते अधिक जाड काँक्रीट, लोखंडी चिलखत व फिरते पोलादी घुमट सुचवीत होते. बेल्जियमचे सेनानी आंरी ब्रियाल्माँ हे या विचारसरणीचे सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ते होते.

क्लार्क यांनी वेगळी वाट धरली. नकाशावरील आदर्श किल्ल्यापेक्षा प्रत्यक्ष युद्धातील अनुभव अधिक विश्वासार्ह आहे, ही त्यांची भूमिका होती. तिला दोन घटनांनी आधार दिला.

पहिली घटना म्हणजे रशिया-तुर्कस्तान युद्धातील प्लेव्हनाचा (सध्याच्या बल्गेरियातील प्लेवेन) वेढा. जुलै १८७७मध्ये उस्मान पाशा यांच्या तुर्की सैन्याने या गावाभोवती घाईघाईने मातीचे मोर्चे व खंदक उभारले. तेथे कोणताही कायमस्वरूपी आधुनिक किल्ला नव्हता. तरीही जलद गोळीबार करणाऱ्या बंदुकांच्या बळावर तुर्की सैनिकांनी रशियन व रुमानियन सैन्याचे मोठे हल्ले परतवून लावले. अखेर रशियन अभियंता टॉटलेबेन यांनी गावाची पूर्ण नाकेबंदी केल्यावर, रसद संपल्यामुळे, १० डिसेंबर १८७७ रोजी उस्मान पाशा शरण आले. या वेढ्याचा क्लार्क यांनी तपशीलवार अभ्यास करून त्यावर लेखन केले.

दुसरी घटना त्यांनी स्वतः तपासली. ११ जुलै १८८२ रोजी ॲडमिरल सीमोर यांच्या आरमारातील ८ मोठ्या चिलखती जहाजांनी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या किल्ल्यांवर दिवसभर तोफांचा मारा केला. किल्ल्यांवरील मारा थांबला आणि इजिप्शियन सैन्य शहर सोडून गेले. ब्रिटनमध्ये हा आरमाराचा निर्विवाद विजय मानला गेला. क्लार्क यांनी जागेवर जाऊन किल्ल्यांची पाहणी केली, तेव्हा निराळे चित्र दिसले. आरमाराने डागलेल्या गोळ्यांच्या मानाने निकामी झालेल्या तोफांची संख्या फारच थोडी होती. मातीच्या जाड बांधांत गोळे रुतून बसले होते आणि त्यामागील तोफा बऱ्याच अंशी शाबूत होत्या. किल्ल्यांची रचना जुनाट होती व गोलंदाजांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, म्हणून आरमार यशस्वी झाले. तोफा नीट लपविलेल्या असत्या व गोलंदाज तरबेज असते, तर जहाजांना मोठी हानी सोसावी लागली असती, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इजिप्तमधील या मोहिमेनंतर १८८५ साली ते सुदानमधील मोहिमेतही सहभागी झाले. या सर्व अनुभवाचे सार त्यांच्या १८९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या तटबंदीविषयक ग्रंथात आढळते. त्यात तटबंदीचा इतिहास, तत्कालीन स्थिती व भावी वाटचाल यांचा आढावा आहे. डोळ्यांत भरणारा भव्य किल्ला शत्रूच्या तोफांना आयते लक्ष्य पुरवतो. तोफा विखरून व जमिनीच्या चढउतारात लपवून ठेवाव्यात, माती या स्वस्त साधनाचा अधिकाधिक उपयोग करावा आणि वाचलेला पैसा शिबंदीच्या प्रशिक्षणावर खर्च करावा, असे प्रतिपादन त्यात केले आहे. या ग्रंथाची सुधारित आवृत्ती १९०७ साली निघाली.

ब्रियाल्माँ यांनी बांधलेल्या लीज व नामूर येथील किल्ल्यांची परीक्षा ऑगस्ट १९१४मध्ये झाली. जर्मन व ऑस्ट्रियन बनावटीच्या अवजड तोफांसमोर हे किल्ले काही दिवसांतच पडले. त्यानंतरच्या चार वर्षांत पश्चिम आघाडीवर लढाई प्रामुख्याने मातीच्या खंदकांतून लढली गेली.

साम्राज्य संरक्षणाचे भाष्यकार

इ.स. १८८५मध्ये अफगाणिस्तानच्या सीमेवरील पंजदेह प्रकरणावरून ब्रिटन व रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आले. जगभर पसरलेल्या वसाहतींच्या बंदरांचे संरक्षण कसे करावे, हा प्रश्न त्यामुळे तातडीचा झाला. या कामासाठी नेमलेल्या वसाहत संरक्षण समितीचे सचिवपद क्लार्क यांच्याकडे आले व ते त्यांनी १८९२पर्यंत सांभाळले.

प्रत्येक वसाहतीला आपल्या बंदरावर मोठ्या आरमाराचा हल्ला होईल अशी भीती वाटत असे आणि त्यानुसार तोफा व किल्ल्यांची मागणी येत असे. ब्रिटिश नौदल समुद्रावर वरचढ असेपर्यंत शत्रूचे मोठे आरमार दूरच्या बंदरापर्यंत पोहोचू शकणार नाही, फार तर एकदोन वेगवान जहाजे धाड घालतील, असे समितीचे मत होते. त्यामुळे एडन, सिंगापूर, हाँगकाँग यांसारख्या, जहाजांत कोळसा भरण्याच्या ठाण्यांवर अशा धाडीपुरतीच सज्जता ठेवावी व उर्वरित निधी नौदलाकडे वळवावा, असे धोरण पुढे आले. इंग्लंडच्या संरक्षणाबाबतही किनाऱ्यावरील किल्ल्यांपेक्षा नौदलावर भर देणाऱ्या विचारपंथाचे क्लार्क हे एक प्रमुख प्रवक्ते मानले जातात. एका लष्करी अभियंत्यानेच किल्ल्यांवरील खर्चाला विरोध करावा, ही गोष्ट त्यांच्या दलातील अनेकांना रुचली नाही.

याच काळात १८८८ ते १८९० दरम्यान नौदल व भूदलाच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या हार्टिंग्टन आयोगाचे ते सचिव होते. सरसेनापती हे पद रद्द करावे आणि लष्करी नियोजनासाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, असे आयोगाने सुचविले. महाराणी व्हिक्टोरिया यांचे चुलतबंधू असलेले केंब्रिजचे ड्यूक तेव्हा सरसेनापती होते. या शिफारशींना मोठा विरोध झाला आणि त्या बाजूला पडल्या.

सरकारी कामाबरोबर क्लार्क यांचे लेखनही चालू होते. वृत्तपत्रे व नियतकालिके यांतून ते नौदल, वसाहती व परराष्ट्र धोरण या विषयांवर नियमित लिहीत. इ.स. १८९१मध्ये त्यांनी टोपणनावाने भविष्यातील एका काल्पनिक नौदल युद्धाची हकीकत प्रसिद्ध केली. अमेरिकन नौदल अधिकारी आल्फ्रेड थेअर महान यांच्या समुद्रसत्तेविषयीच्या सिद्धांताचा त्यांनी ब्रिटनमध्ये पुरस्कार केला. इ.स. १८९४मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून त्यांनी ब्रिटन व अमेरिका यांच्या नौदलांनी परस्पर सहकार्य करावे असे सुचविले. पत्रकार जेम्स थर्सफील्ड यांच्यासह लिहिलेले नौदलविषयक पुस्तक १८९७मध्ये आणि रशियाच्या समुद्रसत्तेवरील पुस्तक १८९८मध्ये प्रसिद्ध झाले. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याने संरक्षण धोरणावर इतक्या मोकळेपणाने लिहिणे तेव्हा फारसे रूढ नव्हते.

इ.स. १८९३मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. इ.स. १८९४ ते १९०१ या काळात ते वुलिच येथील तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्याचे अधीक्षक होते. इ.स. १८९६मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून त्यांची निवड झाली. इ.स. १८९९मध्ये बोअर युद्ध सुरू झाल्यावर या कारखान्यावर कामाचा मोठा ताण पडला. युद्धातील पराभवांमुळे हार्टिंग्टन आयोगाने मांडलेला लष्करी सुधारणांचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

व्हिक्टोरियाचे गव्हर्नर

ऑस्ट्रेलियातील वसाहतींचे १ जानेवारी १९०१ रोजी संघराज्य बनले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्लार्क व्हिक्टोरिया राज्याचे गव्हर्नर झाले. मेलबर्न ही तेव्हा संघराज्याची तात्पुरती राजधानी होती. तेथील गव्हर्न्मेंट हाऊस गव्हर्नर-जनरलकडे गेल्यामुळे राज्याच्या गव्हर्नरांना स्टोनिंग्टन या भाड्याच्या हवेलीत राहावे लागले. तेथे राहणारे क्लार्क हे पहिले गव्हर्नर होत. मे १९०३मध्ये राज्यातील रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप झाला व विल्यम अर्व्हिन यांच्या सरकारने तो कठोर कायद्याच्या साहाय्याने मोडून काढला. कार्यकाळ पूर्ण होण्यापूर्वीच, १९०३च्या अखेरीस, क्लार्क यांना लंडनला परत बोलावण्यात आले.

एशर समिती व साम्राज्य संरक्षण समिती

बोअर युद्धातील त्रुटी दूर करण्यासाठी पंतप्रधान आर्थर बाल्फोर यांनी युद्ध कार्यालयाच्या पुनर्रचनेची समिती नेमली. लॉर्ड एशर हे तिचे अध्यक्ष व ॲडमिरल जॉन फिशर आणि क्लार्क हे सदस्य होते. समितीने १९०४च्या पहिल्या काही महिन्यांतच आपला अहवाल तीन भागांत सादर केला. सरसेनापतीचे पद रद्द झाले, सेना परिषद स्थापन झाली आणि जनरल स्टाफच्या निर्मितीचा मार्ग मोकळा झाला. सुमारे १४ वर्षांपूर्वी बाजूला पडलेल्या हार्टिंग्टन आयोगाच्या मुख्य सूचना अशा रीतीने अमलात आल्या.

समितीच्या आणखी एका शिफारशीनुसार साम्राज्य संरक्षण समितीला स्थायी सचिवालय मिळाले आणि क्लार्क तिचे पहिले सचिव झाले. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील या समितीत नौदल, भूदल, परराष्ट्र व अर्थ खात्यांचे प्रमुख एकत्र बसून संरक्षणाचा विचार करीत. बैठकींची टिपणे तयार करणे, निर्णयांची नोंद ठेवणे आणि एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे त्यांचे सातत्य राखणे हे सचिवालयाचे काम होते. पुढे १९१६मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश मंत्रिमंडळ सचिवालयाची मुळे या लहानशा कार्यालयात आहेत.

या समितीसमोरचा एक मोठा विषय भारताच्या संरक्षणाचा होता. रशियाची रेल्वे मध्य आशियात पुढे सरकत होती. भारतातील सरसेनापती लॉर्ड किचनर हे युद्धप्रसंगी इंग्लंडहून मोठी कुमक मिळावी अशी मागणी करीत होते. अफगाणिस्तानच्या डोंगराळ प्रदेशात इतक्या सैन्याला दाणागोटा कसा पुरवायचा व त्यासाठी किती उंट लागतील, याचा हिशोब क्लार्क यांनी मांडला. ही मागणी व्यवहार्य नाही, असे त्यांचे मत झाले. रशियाशी समझोता करणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे, असे ते मानत. ऑगस्ट १९०७मध्ये झालेल्या ब्रिटन-रशिया करारामुळे तो समझोता प्रत्यक्षात आला.

इ.स. १९०५–०६मध्ये मोरोक्कोवरून फ्रान्स व जर्मनी यांच्यात तणाव निर्माण झाला. तेव्हा युरोपच्या भूमीवर ब्रिटिश सैन्य पाठवावे लागल्यास काय करायचे, यावरील अनौपचारिक चर्चांमध्ये क्लार्क यांचा पुढाकार होता. नौदलाच्या धोरणावरून मात्र त्यांचे व फिशर यांचे मतभेद वाढत गेले. सत्तेवर आलेल्या लिबरल पक्षाच्या पंतप्रधानांना बाल्फोर यांच्याइतका या समितीत रस नव्हता. अशा स्थितीत १९०७ साली क्लार्क यांची मुंबईच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली.

मुंबईचे गव्हर्नर

लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यानंतर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९०७मध्ये मुंबई इलाख्याचा कारभार हाती घेतला. बंगालच्या फाळणीनंतरची स्वदेशी व बहिष्काराची चळवळ तेव्हा भरात होती. डिसेंबर १९०७मध्ये याच इलाख्यातील सुरत येथे काँग्रेसचे अधिवेशन उधळले व जहाल आणि मवाळ असे दोन गट वेगळे झाले. गोपाळ कृष्ण गोखले व फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या मवाळ नेत्यांशी संवाद राखायचा आणि जहालांवर कायद्याचा बडगा उगारायचा, असे क्लार्क यांचे धोरण होते.

टिळकांवरील खटला

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे झालेल्या बॉम्बस्फोटात दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. या घटनेनंतर लोकमान्य टिळकांनी केसरीत काही लेख लिहिले. बॉम्बच्या मार्गाचे समर्थन न करता, सरकारच्या दडपशाहीमुळेच तरुण त्या मार्गाकडे वळतात, असा या लेखांचा आशय होता. राजद्रोहाचा खटला भरण्यासाठी प्रांतिक सरकारची मंजुरी आवश्यक असे. क्लार्क यांच्या सरकारने ती दिली आणि २४ जून १९०८ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली.

न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यासमोर १३ ते २२ जुलै या काळात खटला चालला. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. ज्यूरीने ७ विरुद्ध २ अशा बहुमताने त्यांना दोषी ठरविले. त्यांना ६ वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा व १,००० रुपये दंड झाला. पुढे त्यांना ब्रह्मदेशातील मंडाले येथील तुरुंगात ठेवण्यात आले. काळ या पत्राचे संपादक शिवराम महादेव परांजपे यांनाही त्याच महिन्यात राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली.

टिळकांच्या शिक्षेनंतर मुंबईतील गिरणी कामगारांनी ६ दिवसांचा संप केला. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस, असा त्याचा अर्थ लावला जातो. सरकारने लष्कर बोलावले, गोळीबार झाला व त्यात अनेकांचा बळी गेला. भारतीय कामगारवर्गाच्या राजकीय लढ्यांच्या इतिहासात हा संप महत्त्वाचा मानला जातो. लंडनमधील भारतमंत्री जॉन मोर्ले यांना ही कारवाई पसंत पडली नव्हती. तिचे दुष्परिणाम तिच्यापासून होणाऱ्या लाभापेक्षा अधिक असतील, असे त्यांचे मत होते. क्लार्क मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

या कारवाईनंतरही क्रांतिकारकांच्या हालचाली थांबल्या नाहीत. जून १९०९मध्ये गणेश दामोदर (बाबाराव) सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमधील विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा गोळ्या घालून वध केला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या प्रकरणातूनच पुढे विनायक दामोदर सावरकर यांना इंग्लंडमधून आणून मुंबईत खटला चालविण्यात आला व त्यांना दोन जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या.

शिक्षण, उद्योग व शहर विकास

राजकीय चळवळीबाबत कठोर असलेल्या या गव्हर्नरांनी शिक्षण व उद्योगाच्या क्षेत्रात मात्र दीर्घकाळ टिकणारे काम केले. विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी मुंबईत स्वतंत्र संस्था असावी, ही कल्पना त्यांनी पुढे आणली. सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम व वसनजी मुळजी यांच्या देणग्यांतून रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स (सध्याची विज्ञान संस्था) उभी राहिली. मुंबईसारख्या व्यापारी शहरात वाणिज्य शाखेचे विद्यापीठीय शिक्षण मिळावे, असाही त्यांचा आग्रह होता. त्यांच्या कार्यकाळानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९१३मध्ये, सुरू झालेल्या वाणिज्य महाविद्यालयाला म्हणून त्यांचे नाव देण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९१८ ते १९२० या काळात या महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते.

सह्याद्रीत पडणारे पावसाचे पाणी अडवून वीज निर्माण करण्याच्या टाटांच्या योजनेला क्लार्क यांनी अभियंत्याच्या नजरेने पाहिले व पाठिंबा दिला. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळा येथे या योजनेच्या कामाची कोनशिला त्यांच्या हस्ते बसविण्यात आली. इ.स. १९१५पासून ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मुंबई शहराची वाढ कोणत्या दिशेने व्हावी, याविषयी विविध संस्थांची मते मागवून त्यांच्या सरकारने १९०९ साली एक धोरण जाहीर केले.

डिसेंबर १९११मध्ये बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा गव्हर्नर या नात्याने क्लार्क यांनी त्यांचे स्वागत केले. या भेटीचे स्मारक म्हणून उभारावयाच्या गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला त्यांनी ३१ मार्च १९१३ रोजी बसविली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी लॉर्ड विलिंग्डन यांच्याकडे पदभार सोपविला.

मुंबईतील वास्तव्यात त्यांना कौटुंबिक दुःखही सोसावे लागले. इ.स. १९०८मध्ये त्यांच्या पत्नीचे आणि १९०९मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी व्हायोलेट हिचे निधन झाले. इ.स. १९१०मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला.

उत्तरायुष्य

इंग्लंडला परतल्यावर १९१३ साली त्यांना बॅरन सिडनहॅम ऑफ कूम ही उमरावकी मिळाली व ते लॉर्ड्स सभागृहाचे सदस्य झाले. गुप्तरोगांच्या प्रसाराची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचे (१९१३–१९१६) ते अध्यक्ष होते. आयोगाच्या शिफारशींमुळे ब्रिटनमध्ये या रोगांवर मोफत व गोपनीय उपचारांची सोय सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१६ साली स्थापन झालेल्या हवाई मंडळाचेही ते सदस्य होते.

युद्धकाळात व त्यानंतर त्यांनी वृत्तपत्रांतून विपुल लेखन केले. विन्स्टन चर्चिल यांनी लिहिलेल्या पहिल्या महायुद्धाच्या इतिहासावर टीका करणारे एक पुस्तक १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाले. ॲडमिरल रेजिनाल्ड बेकन, जनरल फ्रेडरिक मॉरिस, इतिहासकार चार्ल्स ओमान इत्यादींसह सिडनहॅम हे त्याचे एक लेखक होते.

भारताविषयी त्यांची मते अधिकाधिक कडवी होत गेली. भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी ऑगस्ट १९१७मध्ये भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले. त्याला विरोध करण्यासाठी त्याच वर्षी लंडनमध्ये इंडो-ब्रिटिश असोसिएशन ही संस्था स्थापन झाली व सिडनहॅम तिचे अध्यक्ष झाले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या विरोधात त्यांनी लॉर्ड्स सभागृहात व बाहेर प्रचार केला. ज्यांच्या नेतृत्वाखाली एकेकाळी त्यांनी काम केले त्या लिबरल पक्षापासून ते पूर्णपणे दूर गेले.

याच काळात ते ज्यूद्वेष्ट्या प्रचाराकडे वळले. ज्यूंच्या तथाकथित जागतिक कटाचे वर्णन करणारे एक दस्तऐवज तेव्हा युरोपभर फिरत होते. लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्राने ऑगस्ट १९२१मध्ये पुराव्यांसह ते बनावट असल्याचे दाखवून दिले. त्यानंतरही सिडनहॅम यांनी त्यातील मजकूर गंभीरपणे घ्यावा असे प्रतिपादन केले व ज्यूंविषयी लिहिलेला त्यांचा लेख पुस्तिकेच्या रूपाने प्रसारित झाला. पुढे त्यांनी ब्रिटनमधील फॅसिस्ट चळवळीलाही पाठिंबा दिला. शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकन यांनी लिहिली, या मताचेही ते पुरस्कर्ते होते. अलेक्झांड्रियाच्या बुरुजांवर निकामी तोफा मोजून रूढ समजूत खोडून काढणाऱ्या अभियंत्याची विवेचक दृष्टी त्यांच्या या अखेरच्या लेखनात दिसत नाही.

त्यांचे आत्मचरित्र १९२७मध्ये व निवडक लेखांचा संग्रह १९२८मध्ये प्रसिद्ध झाला. ७ फेब्रुवारी १९३३ रोजी वयाच्या ८४व्या वर्षी लंडन येथे त्यांचे निधन झाले. वारस नसल्यामुळे त्यांची उमरावकी त्यांच्याबरोबरच संपुष्टात आली.

मूल्यमापन

लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने क्लार्क यांचे महत्त्व दोन गोष्टींत आहे. तटबंदीचे मूल्य प्रत्यक्ष युद्धाच्या पुराव्यावरून ठरवावे, हा दृष्टिकोन त्यांनी रुजविला. संरक्षणाचे प्रश्न सेनाधिकारी व मंत्री यांनी एकत्र बसून, लेखी टिपणांच्या आधारे सोडवावेत, ही पद्धत घडविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

मुंबईतील त्यांच्या कारकिर्दीविषयी मते परस्परविरोधी आहेत. विज्ञान व वाणिज्य शिक्षण, जलविद्युत आणि शहर नियोजन यांबाबतच्या त्यांच्या दूरदृष्टीची दखल घेतली जाते. दुसरीकडे, लोकांच्या राजकीय आकांक्षांकडे त्यांनी प्रामुख्याने सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहिले, अशी टीका त्यांच्यावर होते. टिळकांना हद्दपार केल्याने असंतोष शमला नाही. इ.स. १९१४मध्ये मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनी दोन वर्षांत होमरूल चळवळ उभारली आणि १९१७च्या ज्या धोरणाला सिडनहॅम यांनी लंडनमध्ये विरोध केला, ते जाहीर होण्यामागे या चळवळीचाही दबाव होता.